एका सतरा अंकी संख्येची कुळकथा

अंकगणिताच्या पुस्तकात ज्या असंख्य संख्या येतात, त्यांतील बहुतेक उदाहरण सुटताच विस्मरणात जातात. परंतु काही संख्या अशा आहेत की, त्या एकदा दृष्टीस पडल्या म्हणजे मनातून सहसा निघत नाहीत. अशाच एका संख्येचा परिचय आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावा, ह्या हेतूने हा लेख लिहीत आहोत. ती संख्या अशी:

१२३४५६७८९८७६५४३२१

एकापासून नवापर्यंत अंक क्रमाने चढत गेले आहेत व तेथून तसेच पायरीपायरीने पुन्हा एकापर्यंत उतरले आहेत. डावीकडून वाचा की उजवीकडून वाचा, संख्या तीच. हे नवल डोळ्यांस दिसणारे आहे, आणि पुष्कळ लोक तेवढ्यावरच संतुष्ट होतात. आमचा हेतू मात्र थोडा पुढे जाण्याचा आहे. ही संख्या आली कोठून? तिचे अंक असेच का मांडले गेले? आणि तिच्यात दिसणाऱ्या नियमावर आपण कोठवर विश्वास ठेवावा? ह्या तीन प्रश्नांपैकी तिसरा सर्वांत महत्त्वाचा आहे, व त्याचा उपयोग गणिताच्या तासापुरता नाही, हे लेखाच्या शेवटी वाचकांस पटेल अशी आशा आहे.

प्रथम ही संख्या वाचावी कशी ते पाहू. भास्कराचार्यांनी सुमारे ११५० साली रचिलेल्या 'लीलावती' ग्रंथात अठरा स्थानांची नावे दिली आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधि, अंत्य, मध्य आणि परार्ध. आपल्या संख्येत सतरा अंक आहेत. म्हणून तिचा पहिला अंक 'मध्य' ह्या स्थानी पडतो आणि परार्ध केवळ एका घराने दूर राहते. एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधि, चार शंकु, पाच महापद्म, असे वाचीत गेले म्हणजे सर्वांत मोठा अंक जो नऊ, तो नेमका मधल्या घरात, म्हणजे अर्बुदाच्या स्थानी येतो. त्याच्या डाव्या अंगास आठ अंक व उजव्या अंगास आठ अंक आहेत.

नावे वाचून संख्येचा आकार ध्यानात येत नाही. त्यासाठी एखादे घरचे माप घेतले पाहिजे. शिरूर व दौंड ह्या तालुक्यांत ज्वारी सर्वांच्या परिचयाची आहे. एका किलोग्रॅममध्ये ज्वारीचे ३०,००० दाणे बसतात असे धरू, म्हणजे शंभर किलोच्या एका पोत्यात ३० लक्ष दाणे होतील. आपल्या संख्येइतके दाणे भरावयाचे झाल्यास सुमारे ४११ कोटी पोती लागतील. एका मालडब्यात ६०० पोती घातली तर ६८ लक्षांहून अधिक डबे होतील. आणि प्रत्येक डबा अवघा १० मीटर लांब धरून ते दौंडपासून एकामागे एक उभे केले, तर ती रांग सुमारे ६८,५०० किलोमीटर लांब होईल. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. तेव्हा ही गाडी पृथ्वीस दीड वेढा देऊनही शिल्लक राहील! दर सेकंदास एक दाणा ह्या वेगाने कोणी न थांबता मोजू लागला, तर त्यास सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. एवढी अवाढव्य संख्या, परंतु तिचा स्वभाव जाणून घेण्यास पाटी, पेन्सिल व अर्धा तास इतके साहित्य पुरेसे आहे. हेच गणिताचे खरे सामर्थ्य होय.

आता तिच्या जन्माकडे वळू. केवळ एक ह्या अंकाने बनलेल्या संख्या घेऊन प्रत्येकीस तिनेच गुणावे, म्हणजे तिचा वर्ग करावा:

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१
१११११ × १११११ = १२३४५४३२१

असे करीत नऊ एकांपर्यंत गेले म्हणजे

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

हे उत्तर मिळते. म्हणजे आपली संख्या नऊ एकांचा वर्ग आहे. परंतु 'आहे' एवढे म्हणून भागत नाही; 'का आहे' हे सांगता आले पाहिजे. त्यासाठी लहानसा गुणाकार शाळेच्या रीतीने मांडून पाहा:

१११
१११०
१११००
———
१२३२१

ह्या ओळी उजव्या कडेने जुळवून एकाखाली एक लिहिल्या म्हणजे दिसेल की प्रत्येक ओळीत तेच तीन एक आहेत, मात्र प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकली आहे. त्यामुळे उजवीकडच्या पहिल्या घरात एकच एक येतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन; पुढे ओळी संपू लागतात, म्हणून पुन्हा दोन व शेवटी एक. नऊ एकांच्या गुणाकारातही हेच घडते. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, प्रत्येक ओळ एकेक घर सरकलेली. घरांत पडणाऱ्या एकांची संख्या एकापासून नवापर्यंत वाढते व नवापासून एकापर्यंत घटते. येथे मर्माची गोष्ट अशी की कोणत्याही घरातील बेरीज नवाच्या पलीकडे जात नाही. म्हणून कोठेही हातचा घ्यावा लागत नाही, आणि प्रत्येक घराची बेरीज जशीच्या तशी उत्तरात उमटते. संख्येच्या अंगी जे सौंदर्य दिसते त्याचे सारे रहस्य 'हातचा नाही' ह्या दोन शब्दांत आहे.

ह्याच मांडणीतून आणखी एक गोष्ट विनासायास कळते. नऊ ओळींत नऊ नऊ एक, म्हणजे एकंदर ८१ एक आपण मांडले. हातचा नसल्यामुळे त्यांतील एकही कमी झाला नाही. म्हणून उत्तराच्या सर्व अंकांची बेरीज ८१ च भरली पाहिजे. वाचकांनी १ + २ + ३ असे करीत शेवटपर्यंत बेरीज करून ताळा पाहावा.

अशा संख्यांचे आकर्षण आपल्याकडे फार जुने आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष ह्याच्या काळी महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. त्यांच्या 'गणितसारसंग्रह' ह्या ग्रंथात १२३४५६५४३२१ ह्या संख्येचे वर्णन एकापासून सहापर्यंत चढणारी व मग क्रमाने उतरणारी अशा शब्दांत आले आहे. हा सहा एकांचा वर्ग होय, हे आता वाचकांस सांगावयास नको. राष्ट्रकूटांचे राज्य आपल्या महाराष्ट्रावरही होते. तेव्हा ही अंकांची माळ आपल्या भूमीस परकी नाही.

आधुनिक काळात ह्या संख्यांचा कसून अभ्यास ज्यांनी केला, ते आपल्याच महाराष्ट्रातील एक शाळामास्तर होते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर ह्यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असता १९२७ साली त्यांस रँग्लर परांजपे ह्यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले, आणि १९२९ साली ते पदवीधर झाले. पुढे १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळाली येथे शिक्षक होते. वरिष्ठ पदवी नाही, मोठे ग्रंथालय नाही. दिवसा मुलांस शिकवावे व उरलेल्या वेळात अंकांशी झुंजावे, असा त्यांचा क्रम होता. १९८६ साली ते निवर्तले.

कापरेकरांनी काही संख्यांस 'डेम्लो संख्या' असे नाव दिले. मुंबईपासून ३० मैलांवर असलेल्या ज्या रेल्वेस्थानकावर ह्या संख्यांचा विचार त्यांस सुचला, त्याचे ते नाव. तेच आजचे डोंबिवली. दौंडच्या विद्यार्थ्यांस ह्यात एक मौज वाटेल. दौंड जंक्शनवरून पुण्याच्या बाजूने गेले तर कल्याणच्या पुढे डोंबिवली लागते, आणि मनमाडच्या बाजूने जाऊन नाशिककडे वळले तर देवळाली लागते. ज्या गावी कल्पना सुचली ते एका मार्गावर, आणि जेथे ती आयुष्यभर जोपासली ते दुसऱ्या मार्गावर!

डेम्लो संख्येचे तीन खंड असतात: डावा, मधला व उजवा. मधल्या खंडात एकच अंक असतो, मग तो एकदा येवो की अनेकदा. डाव्या व उजव्या खंडांची बेरीज केली असता प्रत्येक घरात तोच अंक उमटला पाहिजे. लहान उदाहरण २५५३ हे घ्या. मधला खंड ५५; दोन्ही टोकांची बेरीज २ + ३ = ५. आता आपली मोठी संख्या तपासू. डावा खंड १२३४५६७८, मधला ९, उजवा ८७६५४३२१.

१२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९

आठही घरांत नऊ! एकांच्या वर्गांतून निघालेल्या अशा संख्यांस कापरेकरांनी 'अद्भुत डेम्लो संख्या' म्हटले व १९३८ साली त्यांवर निबंध प्रसिद्ध केला.

हे अद्भुत असले तरी अकारण नाही. नऊ ओळींची ती सरकती मांडणी पुन्हा डोळ्यांपुढे आणा. तिची आकृती भूमितीतील समांतरभुज चौकोनासारखी तिरपी आहे. अशा चौकोनाचे क्षेत्रफळ काढताना आपण एका बाजूचा त्रिकोण कापून दुसऱ्या बाजूस जोडतो व सरळ आयत करतो. येथेही तसेच करा. डावीकडची आठ घरांची चढण उचलून उजवीकडच्या आठ घरांच्या उतरणीवर ठेवा. जेथे उतरणीत आठ एक आहेत तेथे चढणीचा एक बसतो, जेथे सात आहेत तेथे दोन बसतात, आणि प्रत्येक घर भरून नऊ होते. मधले घर नवाचे होतेच. तिरपी आकृती जाऊन नऊ बाय नऊचा पूर्ण चौरस उभा राहतो. भूमितीचा पाठ व अंकगणिताचा पाठ हे दोन निराळे विषय आहेत असे ज्यांस वाटते, त्यांनी हे उदाहरण अवश्य करून पाहावे.

संख्येची ओळख तिच्या अवयवांवाचून पुरी होत नाही. १११११११११ ह्यातील अंकांची बेरीज ९ आहे, म्हणून तीस नवाने निःशेष भाग जातो, आणि भागाकार १२३४५६७९ येतो. ह्यात आठ हा अंक गळालेला पाहून पुष्कळ जण चकित होतात. परंतु भागाकार हाताने करून पाहिला म्हणजे कोडे राहत नाही. ११ मध्ये नऊ एकदा जाऊन बाकी २; २१ मध्ये दोनदा, बाकी ३; ३१ मध्ये तीनदा, बाकी ४; असे करीत ७१ मध्ये सातदा, बाकी ८. आता ८१ झाले, आणि त्यात नऊ आठदा नव्हे, पुरे नऊदा जातात व बाकी काहीच उरत नाही. आठाची पाळी येण्यापूर्वीच भागाकार संपतो. पुढे १२३४५६७९ = ३७ × ३३३६६७ असे अवयव पडतात, व हे दोन्ही अवयव मूळ संख्या आहेत. म्हणून आपल्या सतरा अंकी संख्येचे मूळ अवयव असे झाले: तीन चार वेळा, सदतीस दोन वेळा, आणि ३३३६६७ दोन वेळा. ह्यांवरून तिचे एकंदर विभाजक ५ × ३ × ३ = ४५ निघतात. विभाजकांची संख्या विषम आहे, हे पूर्ण वर्गाचे लक्षणच होय. कारण इतर संख्यांत विभाजकांच्या जोड्या पडतात, तर वर्गात एक विभाजक स्वतःचीच जोड असतो.

आता आपण तिसऱ्या व मुख्य प्रश्नापाशी आलो. एक एकापासून नऊ एकांपर्यंत नऊ वेळा वर्ग केले, आणि नऊही वेळा तोच सुंदर क्रम मिळाला. तेव्हा दहा एकांच्या वर्गातही तो मिळेल, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात उत्तर येते ते असे:

११११११११११ × ११११११११११ = १२३४५६७९००९८७६५४३२१

सातापर्यंत चढण ठीक आहे. मग आठ नाहीसा होतो, नऊ येतो, आणि पाठोपाठ दोन शून्ये! नऊ साक्षीदारांनी एकमुखाने दिलेली ग्वाही दहाव्या वेळी खोटी ठरली. नियम मोडला म्हणावे काय? नाही. आपण ज्यास नियम समजत होतो तो नियमच नव्हता. ती नियमाची केवळ सावली होती. खरा नियम 'घराघरांत एक, दोन, तीन असे एक पडतात' हा आहे, व तो दहाव्या वेळीही अबाधित आहे. मात्र ह्या वेळी मधल्या घरात दहा एक जमले. दहा एका घरात मावत नाहीत. तेथे शून्य लिहून हातचा एक शेजारी द्यावा लागतो. शेजारी नऊ होते, ते दहा झाले. तेथेही शून्य, व पुन्हा हातचा एक. त्याच्या शेजारी आठ होते, ते नऊ झाले. आठ कोठे गेला, ते कळले! अंकांच्या बेरजेवरही हीच गोष्ट दिसते. मांडलेले एक १० × १० = १०० होते; परंतु प्रत्येक हातच्यात दहा जाऊन एक येतो, म्हणजे बेरीज नवाने घटते. दोन हातचे, म्हणून १०० − १८ = ८२. उत्तरातील अंक मिळवून पाहा, ८२ च भरतील.

ज्याने केवळ क्रम पाठ केला होता, तो दहाव्या पायरीवर पडला. ज्याने कारण जाणले होते, त्यास पायरी कोठे तुटणार हे आधीच ठाऊक होते. ह्या चुकीपासून थोरही सुटलेले नाहीत. सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती फर्मा ह्यास ३, ५, १७, २५७ व ६५५३७ ह्या पाच संख्या एका सूत्राने मिळाल्या. पाचही मूळ संख्या आहेत असे पाहून त्या सूत्राची प्रत्येक संख्या मूळच असणार, असे त्याचे मत झाले. पुढची संख्या ४२९४९६७२९७ ही होती. १७३२ साली ऑयलर ह्या गणित्याने दाखविले की, तिला ६४१ ने निःशेष भाग जातो. पाच उदाहरणे म्हणजे सिद्धता नव्हे, आणि नऊ उदाहरणे म्हणजेही सिद्धता नव्हे.

आणखी एक विचार करण्यासारखा आहे. क्रम नवाशीच का मोडला? कारण आपण दहांच्या गटांनी मोजतो, आणि तशी मोजणी माणसाच्या दहा बोटांमुळे रूढ झाली असावी. डझनांनी मोजणाऱ्या एखाद्या समाजाने बारांच्या गटांची अंकलेखनपद्धती केली असती, तर त्यांस अकरा एकांपर्यंत हातचा लागला नसता व हीच माळ आणखी दोन पायऱ्या चढली असती. यावरून संख्येचा गुण कोणता व तिच्या लेखनाचा गुण कोणता, हा विवेक शिकता येतो. एक्याऐंशी एकांचा चौरस हा संख्येचा गुण. त्यांची चढती-उतरती शोभा हा लेखनाचा गुण.

काही पालक येथे विचारतील की, ह्या खेळाचा उपयोग काय? कापरेकरांसही हा प्रश्न पुष्कळदा ऐकावा लागला. त्यांच्या शोधांस क्षुल्लक म्हणून हसणारे विद्वान आपल्याच देशात होते. तथापि त्यांनी आपले काम सोडले नाही. ६१७४ ह्या संख्येविषयीचा त्यांचा शोध १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेपुढे मांडला गेला, आणि १९७५ साली मार्टिन गार्डनर ह्या अमेरिकन लेखकाने एका नामांकित विज्ञान मासिकात त्यांच्याविषयी लिहिल्यावर देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर झाले. परंतु कीर्ती हे उपयोगाचे प्रमाण नव्हे. उपयोग हा की, ज्या मुलाने एकदा स्वतः हातचा शोधून काढला, तो पुढे बाजारात, दवाखान्यात किंवा न्यायालयात 'आजवर नेहमी असेच झाले' एवढे ऐकून गप्प बसणार नाही. 'असे का झाले?' हे तो विचारील. आजी-आजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी मुखोद्गत केली. ते पाठांतर मोलाचे आहे. आज यंत्र क्षणात गुणाकार करून देते. तेही सोयीचे आहे. परंतु पाठांतर काय अथवा यंत्र काय, दोन्हींकडून उत्तर मिळते, कारण मिळत नाही. कारण आपले आपणच शोधावे लागते.

शेवटी विद्यार्थिमित्रांस एक उदाहरण देतो. अकरा एकांचा वर्ग यंत्राशिवाय करा. गुणाकार मांडण्यापूर्वीच हातचे किती लागतील ते विचाराने ठरवा. आमच्या हिशेबाने ते चार आहेत, म्हणून अंकांची बेरीज १२१ − ३६ = ८५ यावयास हवी. परंतु आमच्या शब्दावर विश्वास ठेवू नका. करून पाहा, आणि का ते शोधा.